पोचल्याची तार येईपर्यंत

मी वाई सोडली त्या सकाळी आईने केरसुणी माळ्यावर टाकली. आमच्याकडे तशी रीतच आहे. माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या पाठोपाठ घर झाडायचं नाही, ते सुखरूप पोचल्याचं कळेपर्यंत थांबायचं. साताऱ्याला कोणी गेलं तर संध्याकाळपर्यंत, पुण्याला गेलं तर फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत. अमेरिकेला निघालेल्या माणसासाठी किती थांबायचं, याचा आमच्या घरात कोणालाच अनुभव नव्हता. माझ्या तळहातावर दही ठेवत आई एवढंच म्हणाली, "पोचल्याची तार कर. तोवर मी घराला केरसुणी लागू देणार नाही."

"म्हणजे ही विमानात बसणार आणि आम्ही केरात बसायचं!" दारात उभी असलेली माझी धाकटी बहीण वसुधा म्हणाली. सगळे हसले, मीही हसले. मग टॅक्सी सुरू झाली आणि मी मागच्या काचेतून पाहिलं. वसुधाने आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं होतं आणि आईचा हात तिच्या केसांतून फिरत होता. तेव्हा मला जे वाटलं त्याला इतकी वर्षं मी विरह म्हणत आले. तो विरह नव्हता. मी अजून वाईच्या वेशीबाहेरही पडले नव्हते आणि आई संपूर्ण तिची झाली होती, याचा तो मत्सर होता. नवा संसार, परदेश, विमान, सगळं मिळालं होतं मला, पण तो खांदा मात्र तिच्याकडे राहिला.

तुम्ही जे तिकडेच राहिलात, तुम्हाला वाटतं की आम्ही इकडे आलेले सुखाने फुगलो आहोत आणि हेवा करायचा तर तो तुम्ही. आणि तुम्ही जे माझ्यासारखेच इकडे आलात, ते मंडळाच्या गणपतीत पुरणपोळीचं ताट हातात घेऊन सांगता की इथे सगळं कसं छान चाललंय. मी आज दोघांनाही खरं सांगणार आहे. ऐंशीच्या दशकातला माझा बराचसा काळ कोणाचा ना कोणाचा हेवा करण्यात गेला, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा माझ्या शेजारणीचा होता.

आमचं बिऱ्हाड कॅलिफोर्नियात, सनीव्हेलला. माझा नवरा माधव इथे एम. एस. करून चिप डिझाइनच्या नोकरीला लागला होता. दोन खोल्यांचं अपार्टमेंट, भिंतीपासून भिंतीपर्यंत मातकट रंगाचं कार्पेट, आणि सामान म्हणाल तर एक गादी. तार करायचं माधव साफ विसरला. "अगं, पत्र टाकलंय ना? दहा दिवसांत जाईल की," असं म्हणाला. त्याच्या घरी ही रीत नव्हती, त्याला काय कळणार! मी रडारड केल्यावर तार गेली. मग वसुधाचं पत्र आलं, की तुझ्यापायी घराचा उकिरडा झाला होता, शेजारच्या काकू नाकाला पदर लावून येत होत्या आणि आई कोणाचं ऐकत नव्हती. शेवटी एक ओळ होती, 'तू गेलीस तेव्हा आई रडली नाही, तार आल्यावर केर काढताना रडली.' ती ओळ मला तेव्हा विचित्र वाटली. पोचले म्हटल्यावर रडायचं कशाला?

वाईला मी मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवत होते. इथे माझ्या व्हिसावर काम करायला मनाई होती. माधवच्या नोकरीवर ग्रीन कार्डचा अर्ज झाला होता, पण आपल्या देशाची रांग लांब. तो अर्ज शेवटच्या टप्प्यात आला तेव्हा वकिलाने बजावलं की आता परवानगीशिवाय देश सोडायचा नाही, सोडला तर अर्ज गेला. म्हणजे काम करायचं नाही आणि घरीही जायचं नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना! मधल्या काळात आमची अदिती इथे जन्माला आली आणि जन्मताच अमेरिकन नागरिक झाली. धड मान धरता येत नव्हती, पण पासपोर्ट तयार. हसा हवं तर, मला माझ्या तान्ह्या मुलीचासुद्धा हेवा वाटला होता.

आणि अशात समोरच्या अपार्टमेंटमध्ये महीन आली.

महीन इराणची, शिराझ शहरातली. माझ्याच वयाची, एकटी. ती बहाई पंथाची होती आणि तिकडच्या नव्या राजवटीत या पंथाच्या लोकांवर वाईट वेळ आली होती. तिला इथे आश्रय मिळाला होता. असायलम. तो शब्द मी तिच्यामुळे शिकले. ती आली त्याच आठवड्यात चर्चच्या बायका सोफा घेऊन आल्या. मग पलंग आला, भांडी आली, झाकलेल्या काचेच्या ताटल्यांतून रोज कोणाकोणाचं बेक केलेलं जेवण आलं. मी खिडकीच्या पट्ट्यांतून बघत होते. आम्ही पहिला महिना जमिनीवर झोपून काढला तेव्हा आमच्याकडे कोणी साधा चमचाही आणला नव्हता. तिच्याकडे बघून सगळे "पुअर थिंग" म्हणत. मला कोणी बिचारी म्हणालं नाही, कारण मी स्वखुशीने आले होते.

थोड्याच दिवसांत ती कामाला जायला लागली. इलेक्ट्रॉनिक्सच्या एका कारखान्यात सर्किट बोर्डांवर सुटे भाग बसवायचं काम. सकाळी ती जिना उतरायची तेव्हा तिच्या शर्टाला फोटोचा प्लॅस्टिकचा बॅज लटकत असायचा. त्या बॅजवर माझी जी नजर जायची ती कोणाची दागिन्यावर जात नसेल. तीही माझ्यासारखी शिक्षिकाच, शिराझला केमिस्ट्री शिकवायची. पण आज तिला बॅज होता आणि मला नव्हता. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय! माधवला मी म्हटलं, "आपण सगळं नियमाने केलं म्हणून आपल्याला शिक्षा का?"

"अगं, तिच्या घरच्यांना जेलमध्ये टाकलंय यार," तो म्हणाला. "तू तिच्याशी कम्पेअर काय करतेस?"

मला माहीत होतं. तिच्या वडिलांचा तुरुंगात शेवट झाला हे मला तिनेच सांगितलं होतं. तरी मी जळत होते. दुसऱ्याच्या दुःखावर कोणी जळतं का? जळतं. त्या दुःखाला इथे दार उघडत होतं आणि माझ्या रडगाण्याला नाही.

तरीही आमचं येणं-जाणं सुरू झालं. कारण एकच, दिवसभर बोलायला दुसरं कोणी नव्हतं. तिची सुट्टी असली की ती पिस्ते घेऊन यायची, मी चहा करायची. तिचं इंग्रजी मोडकं, माझं पुस्तकी. मी वाईची म्हटल्यावर तिने विचारलं, "पाचगणीजवळ?" मी थक्क झाले. पाचगणीला त्यांच्या लोकांची शाळा आहे म्हणे, तिचा एक मामेभाऊ तिथे शिकला होता. घाट चढून तासाभरावर असलेलं माझं पाचगणी या बाईला ठाऊक होतं आणि मला शिराझची काही म्हणजे काही माहिती नव्हती. यावरूनही मला थोडं वाईट वाटलंच.

एकदा सकाळी माधव कामाला निघाला आणि लगेच वर परत आला. "खाली ये जरा." पार्किंगमध्ये आमच्या गाडीच्या पुढच्या काचेवर कोणीतरी पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं, इराण्यांनो, गो होम. तेहरानमध्ये अमेरिकन वकिलातीतल्या लोकांना ओलीस धरल्याच्या प्रकरणाला काही वर्षं झाली होती, पण लोकांच्या डोक्यातून ते गेलं नव्हतं. महीनची गाडी शेजारीच लागायची, लिहिणाऱ्याला फरक कळला नसणार. सावळी माणसं, काळे केस, कोण कुठलं हे कोण बघतंय. माझं डोकं असं सणकलं! तिच्या वाट्याचा बॅज नाही, सोफा नाही, आणि शिव्या तेवढ्या आमच्या दारात.

महीन बादली आणि ब्लेड घेऊन धावत आली. तिने मला काचेला हात लावू दिला नाही. खरवडता खरवडता अचानक ती हसायला लागली. "गो होम," ती म्हणाली, "बघ ना. तू गेलीस तर कागद जातो. मी गेले तर जीव जातो. लिहिणाऱ्याने आधी विचारायला हवं होतं."

मलाही हसू आलं. काच साफ झाल्यावर आम्ही तिथेच फुटपाथच्या कडेवर बसलो आणि मी तिला केरसुणीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, त्यांच्यात वेगळं असतं. माणूस निघालं की त्याच्या पाठीमागे वाटेवर वाडगाभर पाणी ओततात, म्हणजे ते पाण्यासारखं सहज जातं आणि परत येतं. ती निघाली तेव्हा मात्र पाणी ओतता आलं नाही. चोरून जायचं होतं, बलुचिस्तानमार्गे पाकिस्तानात. दारासमोर पाणी सांडलेलं शेजाऱ्यांनी पाहिलं असतं तर कोणीतरी प्रवासाला गेलंय हे लगेच कळलं असतं. "आई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती," महीन म्हणाली. "भरलेला वाडगा हातात धरून. मी वळून बघितलं तेव्हा ती तशीच उभी होती."

माझ्या हातावर दही पडलं होतं, सगळी आळी निरोप द्यायला जमली होती. त्या दिवशी मात्र मला तिचा हेवा वाटला नाही. दुसऱ्या दिवशी बॅज दिसला आणि पुन्हा वाटला.

मग वसुधाची तार आली. आईला अर्धांगाचा झटका आला होता, उजवी बाजू गेली होती. वकील म्हणाला, अशा प्रसंगी खास परवानगीचा कागद मिळू शकतो, पण सॅन फ्रान्सिस्कोच्या इमिग्रेशन ऑफिसात स्वतः जावं लागेल. माधवची चिप त्याच आठवड्यात फॅक्टरीत जायची होती. "आज शक्यच नाही गं, सगळी टीम अडकलीय," तो फोनवर म्हणाला आणि त्याचा आवाज रडवेला होता, ते मी ऐकलं. मला फ्रीवेवर गाडी चालवता येत नव्हती. समोरचं दार उघडून महीन म्हणाली, "चल, मी नेते."

तिने कारखान्यातली त्या दिवसाची पाळी बुडवली. पहाटेच निघालो, अदितीला मागच्या सीटवर झोपवून. तिच्या गाडीचा हीटर चालत नव्हता. आई जाईल का राहील हे डोक्यात आणि शेजारी ही, जिच्यावर मी जळते, माझ्यासाठी तिचा पगार कापून घेत होती. उपकार घ्यावेत तर मनाजोगत्या माणसाचे घ्यावेत, तेही नशिबात नव्हतं.

ऑफिस उघडायच्या कितीतरी आधी इमारतीभोवती रांग लागली होती. आमच्या पुढे एक बुटकीशी बाई उभी होती. महीनने तिला मिठी मारली. ती मार्ता, एल साल्वाडोरची, महीनच्या कारखान्यात तिच्याच टेबलावर काम करणारी. मार्ताच्या भावाला सैनिक घरातून उचलून घेऊन गेले होते आणि नंतर तो रस्त्याच्या कडेला सापडला होता. तिनेही आश्रय मागितला होता. तिला नाही म्हणाले होते. आता एक वकील फुकटात तिचं अपील चालवत होता. मार्ताने माझ्या आईची चौकशी केली, छातीवर क्रूस काढला. मग महीनने पाकिटातून स्वतःचा आश्रय मिळाल्याचा कागद काढून हाताशी ठेवला, आणि मार्ताची नजर त्यावर गेली.

ती नजर मला अनोळखी नव्हती. रोज सकाळी खिडकीच्या पट्ट्यांआडून मी तीच घेऊन उभी असायची.

"तिच्या भावाला मारलं, माझ्या वडिलांना मारलं," मार्ता पुढे सरकल्यावर महीन हळूच म्हणाली. "पण माझे मारेकरी अमेरिकेचे दुश्मन. तिचे मारेकरी अमेरिकेचे दोस्त. म्हणून मला हो आणि तिला नाही." मग म्हणाली, "कारखान्यात ती माझ्या शेजारी बसते ना, तेव्हा मला माझा बॅज उलटा करून ठेवावासा वाटतो."

मला वाटत होतं की रांगेत मी सगळ्यांच्या मागे आहे. तिथे उभं राहिल्यावर कळेना की पुढे कोण आणि मागे कोण. मार्ता महीनकडे बघत होती, मी महीनकडे बघत होते, आणि महीन? ती माझ्या हातातल्या वसुधाच्या तारेकडे बघत होती. मला कोणीतरी घरी बोलावलं होतं.

परवानगी मिळाली. त्याच आठवड्यात अदितीला घेऊन मी निघाले. माधव सामान गाडीत ठेवत होता तेव्हा मी त्याला बजावलं, "मी पोचल्याचं कळेपर्यंत घरात व्हॅक्यूम करायचा नाही."

"बरं बाई," तो म्हणाला, पण त्याची अक्कल मला माहीत होती. महीन बाजूलाच उभी होती. ती वर गेली, आमचा व्हॅक्यूम क्लीनर ओढत बाहेर काढला आणि स्वतःच्या घरात नेऊन कुलूप लावलं. मग वाडगा भरून आणला. गाडी सुरू झाली तशी काचेतून मला दिसलं, पार्किंगच्या डांबरावर तिने ते पाणी ओतलं आणि रिकामा वाडगा छातीशी धरून उभी राहिली.

वाईला आई भेटली. बोलणं गेलं होतं, डोळे शाबूत होते. मी शेजारी बसले की ती डाव्या हाताने माझं मनगट धरायची आणि सोडायची नाही. वसुधा सगळं करत होती, अंघोळ, भरवणं, कूस बदलणं. दोन-तीन दिवसांनी ती भांडी आपटायला लागली. "मी रात्रंदिवस करते आणि ही तुझ्याकडेच बघत बसते," ती म्हणाली. "परदेशातून आलीस की देवच!" मी हसले आणि तिला टॅक्सीच्या काचेतून पाहिलेला तो खांदा सांगितला. ती आधी चिडली, मग माझ्या गळ्यात पडून रडली. इतकी वर्षं आम्ही दोघी एकाच आईसाठी एकमेकींवर जळत होतो.

परत निघायच्या दिवशी वसुधाने दही आणलं. आईने पलंगावरूनच डावा हात उचलला आणि कोपऱ्याकडे दाखवलं. मला वाटलं पाणी हवं. वसुधाला बरोबर कळलं. तिने कोपऱ्यातली केरसुणी उचलली आणि माळ्यावर टाकली. "तार लौकर कर," ती डोळे पुसत म्हणाली, "मला धुळीने शिंका येतात."

सनीव्हेलला पोचले तर कार्पेटवर चिवड्याचा सडा आणि माधव वैतागलेला. "मी पोचल्याचं कळवलं होतंस ना रे तिला?" मी विचारलं.

"कळवलं ना! ऐकतेय कुठे ती? म्हणे, ती वाईला पोचली, पण इथे कुठे पोचलीय अजून!"

महीनने व्हॅक्यूम आणून दारात ठेवला. मग सोफ्यावर पाय दुमडून बसली. "आता सांग," ती म्हणाली. "सगळं सांग. घराचं दार कुठल्या बाजूला आहे? आई काय म्हणाली?" मी सांगत गेले आणि ती ऐकत गेली, आणि एकदा मध्येच ती उठून खिडकीशी गेली, तोंड फिरवून उभी राहिली. मी थांबले नाही. थांबले असते तर तिला जास्त राग आला असता. मी तिच्या जागी असते तर मला आला असता.

पुढे आमचं कार्ड आलं. मला इथल्या कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि बॅजही मिळाला. पहिले काही दिवस मी तो घरातसुद्धा काढत नव्हते. मार्ताचं अपील फेटाळलं गेलं आणि एका सोमवारी ती कामावर आली नाही. कुठे गेली ते महीनलाही कळलं नाही. तिच्या जाण्यामागे ना कोणी पाणी ओतलं, ना कोणाचा केर थांबला.

आणि आता या दशकाच्या शेवटी महीनही गेली. लॉस एंजेलिसला तिची मावशी जर्मनीहून येऊन राहिली आहे. तिथे म्हणे एका अख्ख्या रस्त्यावर फारसी पाट्या आहेत, तिच्या भाषेत भाजी मिळते, भांडता येतं. मला कळलं तेव्हा तो जुना मत्सर पुन्हा जागा झाला. तिला इथल्या इथे एक शिराझ मिळणार होतं आणि मला ना तिथे वाई मिळणार, ना इथे महीन. मी तिला तोंडावर सांगितलं, "मला तुझा हेवा वाटतो." ती म्हणाली, "मग माझं बरं चाललंय म्हणायचं."

शनिवारी सकाळी ती निघाली. जायच्या आधी आमच्याकडे चहा झाला, पिस्ते झाले. तिची जुनी गाडी पार्किंगमधून वळली तेव्हा मी वाडगाभर पाणी तिच्या मागे ओतलं. एकदा ओतून समाधान होईना म्हणून वर जाऊन पुन्हा भरून आणलं. तो दुसरा वाडगा शिराझच्या खिडकीतला होता.

फोन त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही आला नाही. माधव म्हणाला, गाडी बंद पडली असेल, वाटेत कोणाकडे थांबली असेल. सोमवारी मी लॅबमधून आले तेव्हा कार्पेटवर पाय ठेवला की काहीतरी चुरचुरत होतं.

"मॉम, इट्स सो डर्टी," अदिती म्हणाली.

"असू दे," मी म्हटलं.

मंगळवारी संध्याकाळी फोन वाजला. मागे चार-पाच बायका एकदम बोलत होत्या, हसत होत्या. "पोचले," महीन ओरडून म्हणाली. "कर आता साफ!"

मी फोन ठेवला आणि व्हॅक्यूम बाहेर काढला. सोफ्याखाली तिच्या पिस्त्यांची टरफलं पडली होती. वायर लावली, बटण दाबलं, आणि टरफलं नळीतून खडखडत आत गेली. त्या आवाजात मला रडू फुटलं, अगदी मोठ्याने. अदिती घाबरून कोचावर चढून बसली. "मॉम, व्हाय आर यू क्रायिंग? डिड्न्ट शी गेट देअर?"

"पोचली," मी म्हटलं, आणि केर काढत राहिले.